आधी पेटीवर नाव लाव

"मावशी, मी गुहागरची. लग्न करून हॅम्बुर्गला आले त्याला अकरा महिने झाले, पण इथे करमत नाही. थंडीत दुपारी चारलाच काळोख, रविवारी दुकानं बंद, ताजी मासळी नाही, बोलायला माणूस नाही. हे फार चांगले आहेत, बाहेरचं सगळं तेच बघतात. जर्मनच्या क्लासला नाव घातलं होतं, पण त्यांचं पत्र परत गेलं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि पत्रपेटीवर ह्यांचंच. लावू कधीतरी, म्हणतात. आई म्हणते, थोडी कळ काढ. मी काय करू?"

अगं, काळोखाचं सोड. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा झोप येत नाही म्हणून पत्र पाठवशील. मी अडकले ती तुझ्या पत्रपेटीपाशी, जिच्यावर तू जेमतेम दोन ओळी खर्च केल्यास.

आपल्याकडे पोस्टमन नुसत्या वाडीच्या नावावर घर काढतो. जर्मनीत पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, जुळलं तर टाकतो, नाही तर पत्र परत. आणि त्या देशात अजून सगळं कागदावर चालतं. बँकेच्या कार्डाचा पिन, टॅक्सचा नंबर, आरोग्यविम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. क्लासचं एक पत्र गेल्याचं तुला कळलं. बाकी काय काय परत गेलं, याचा हिशेब कोणी ठेवलाय?

तुझ्या आजीला मनीऑर्डरचं विचार. नवरा मुंबईला गिरणीत, ती गावी. पोस्टमन पडवीत टेकायचा, फॉर्मवर जिचं नाव तिचीच सही घ्यायचा, सही येत नसेल तर अंगठा, आणि नोटा तिच्या हातात मोजायचा. त्याच पैशात ती लावणीची मजुरी भागवायची, वाण्याची उधारी फेडायची, पोरांच्या फिया भरायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांची नावं पोस्टाला पाठ होती. आणि तू शिकलेली पोरगी, 'लावू कधीतरी'वर गप्प बसलीस!

नवरा चांगला असेल. पण कागदाची एक पट्टी चिकटवायला ज्याला अकरा महिन्यांत सवड झाली नाही, त्याला मी तरी सर्टिफिकेट देणार नाही. बाहेरचं सगळं तो बघतो म्हणूनच तुझ्या वाट्याला चार भिंती आल्यात. आईचं तर मुळीच ऐकू नकोस. कळ काढून पत्रं येत नाहीत.

उद्या सकाळी दोन पट्ट्या काप. मोठ्या अक्षरांत आडनाव लिही, स्पेलिंग पासपोर्टवरचंच. वरून पारदर्शक चिकटपट्टी मार, नाहीतर तिथल्या पावसात शाई पसरेल. एक पट्टी पेटीला, एक बेलपाशी. घरमालकाकडून छापील पाटी यायची तेव्हा येईल. पेटीची एक किल्ली स्वतःकडे घे. ह्यांना विचारू नकोस, सांग. मग फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या शिक्षणकेंद्रात, स्वतः जाऊन क्लासला पुन्हा नाव घाल. मोडकं इंग्रजी चालेल.

राहिली मासळी. गुहागरकडच्या वेलदूर बंदराजवळ वाढलेली तू, आणि हॅम्बुर्गसारख्या बंदरात मासे नाहीत म्हणतेस? एल्बे नदीच्या काठी, तुझ्याच शहरातल्या अल्टोना भागाचा मासळीबाजार १७०३ पासून भरतोय, तोही तुझ्या त्या बंद रविवारीच. हल्ली पर्यटक आणि केळीवाल्यांचीच आरडाओरड जास्त, तरी मासे मिळतात. फक्त पहाटे जायला हवं, साडेनऊला सगळं आवरतात. ह्यांना झोपायचं असेल तर झोपू दे, तू पिशवी घेऊन नीघ.