कॉम्प्युटर की मेकॅनिकल: शाखा ठरवायची कशी?

अभियांत्रिकीला जायचे नक्की आहे, घरचे ‘कॉम्प्युटर घे, नोकऱ्या तिथेच आहेत’ म्हणतात, तुमचा ओढा मात्र यंत्रांकडे आहे, आणि हा ओढा खरा की वरवरचा हे उमगत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी स्वतः मेकॅनिकलचा, बरीच वर्षे यंत्रांच्या भागांचे डिझाइन करतो आणि नव्या पदवीधरांच्या मुलाखतीही घेतो. त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकलेले वाटले तर तेवढे वजा करून वाचावे.

नोकरीचा मुद्दा आधी संपवतो. आजची मागणी पाहून प्रवेश घेणारा विद्यार्थी बाजारात उतरतो तो सुमारे चार वर्षांनी. १९९८ च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांची चलती पाहून संगणकाकडे वळलेले विद्यार्थी २००२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा २००० पासूनच्या पडझडीमुळे त्या क्षेत्रातली नोकरभरती आटलेली होती; पुढे तेच क्षेत्र पुन्हा वर आले. मागणीकडे डोळेझाक करावी असे मी म्हणत नाही, पण तिच्या एकटीच्या भरवशावर न आवडणारा अभ्यास चार वर्षे रेटू नये.

आवडीचे मात्र बारकाईने तपासायला हवे, कारण गाड्यांची आवड म्हणजे मेकॅनिकलची आवड नव्हे, आणि तासन्‌तास संगणकावर बसणे म्हणजे प्रोग्रॅमिंगची गोडी नव्हे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या (पहिले वर्ष बऱ्याच ठिकाणी सगळ्या शाखांना जवळपास सारखेच असते) आणि त्यातला एखादा प्रश्न प्रत्यक्ष हाताळून पाहा. उदाहरणार्थ, ३० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी घ्या, तिचे एक टोक टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा आणि दुसरे टोक बोटाने खाली दाबा. पट्टी सपाट ठेवली तर सहज वाकते, तीच कडेवर उभी धरली तर जवळजवळ हलत नाही. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण ज्या दिशेने भार येतो त्या दिशेच्या मापाच्या घनाच्या पटीत वाढतो. हिशेब केला तर उभी पट्टी सपाट पट्टीच्या ९०० पट ताठ ठरते. आता हा घन आला कुठून, असे तुमच्या मनात आले का? इलेक्ट्रिकलमधला असाच एक प्रश्न घ्या: तेवढीच वीज त्याच तारेतून दहापट विद्युतदाबाने (व्होल्टेजने) पाठवली, तर तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा दहाव्या नव्हे, शंभराव्या हिश्श्यावर का येते? किंवा संगणकाचा: अकारविल्हे लावलेल्या १० लाख नावांतून हवे ते नाव शोधायला फार तर २० तुलना कशा पुरतात? यांपैकी कोणत्या प्रश्नाला तुम्ही कागद-पेन शोधायला उठलात, ते प्रामाणिकपणे पाहा. तिन्ही नीरस वाटले, तर अभियांत्रिकीला जायचेच का, हा विषय घरी आताच काढलेला बरा.

कल दोन्हीकडे सारखाच निघाला, तर मी मेकॅनिकल घेऊन जोडीला प्रोग्रॅमिंग शिकायला सांगेन. ते संगणक आणि चिकाटी यांच्या बळावर घरीही शिकता येते, उलट वर्कशॉप, मोजमापाची उपकरणे आणि चाचणीची यंत्रे कॉलेजाबाहेर सहसा हाती लागत नाहीत. यावर मतभेद असू शकतात.

शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षाचे गणित आणि स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा अभ्यास) ‘पासापुरते’ करू नका. १९८१ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात टांगते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात दोन्ही पूल एकाच लांब सळईला टांगलेले होते. बांधताना तिच्या जागी दोन आखूड सळया आल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला लोंबकळू लागला, त्यामुळे वरच्या जोडावर दुप्पट भार आला. बलांची साधी आकृती काढली असती तरी हे दिसले असते, आणि ती आकृती पहिल्याच वर्षी शिकवतात.

मुलाखतीत मी प्रमाणपत्रांच्या यादीवर फारसा थांबत नाही. प्रकल्पाच्या ड्रॉइंगमधल्या शाफ्टवर, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, बोट ठेवून ‘हा शाफ्ट २० मिलिमीटरचाच का घेतला?’ एवढेच विचारतो. ‘सरांनी सांगितला’ हे उत्तर नेहमीचे. पहिला शाफ्ट पिळवटला म्हणून हिशेब पुन्हा केला, असे सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो, आणि त्याच्याशी बोलणे लांबते. म्हणून प्रकल्प तयार मिळत असला तरी घेऊ नका.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा वर्कशॉप पाहा: लेथखाली धातूचा ताजा कीस पडलेला आहे की यंत्रावर धूळ आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून गेल्या सत्रात स्वतःच्या हाताने काय बनवले, ते विचारा. पसंतीक्रम त्यानंतर भरा.