ड्रॉप झोन आपले कधी वाटू लागते?

तुम्ही लिहिले आहे की ए लायसन्स, म्हणजे स्कायडायव्हिंगचा पहिला परवाना, मिळून तुमच्या चाळीसेक उड्या झाल्या आहेत, जेथे शिकलात ते ड्रॉप झोन, म्हणजे विमानातून पॅराशूटच्या उड्या मारण्याचे ठिकाण, बदलीमुळे सुटले आहे, आणि नव्या जागेपासून सारख्याच अंतरावर दोन ड्रॉप झोन आहेत. पहिल्या ठिकाणी तासाभरात दहा जणांनी तुमचे नाव विचारले. दुसऱ्या ठिकाणी मॅनिफेस्टच्या, म्हणजे उड्यांसाठी नावे नोंदवणाऱ्या टेबलावरच्या, बाईंनी लायसन्स, उड्यांच्या नोंदीचे लॉगबुक आणि राखीव पॅराशूट शेवटचे कधी बांधले ते दाखवणारे कार्ड मागितले व त्यापलीकडे कोणी एक शब्द बोलले नाही. यांपैकी कोणते घरासारखे वाटू लागेल आणि त्याला किती काळ लागतो, असा तुमचा प्रश्न आहे. कार्डाचा उल्लेख तुम्ही तक्रारीच्या सुरात केला आहे, आणि खरे सांगायचे तर त्या एका वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते: दुसऱ्या ठिकाणी जा. पहिल्या दिवशी नाव कोणीही विचारतो.

ड्रॉप झोनवरचा आपला बहुतेक वेळ हवेत जातच नाही. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर मुक्त पतन मिनिटभराचे असते आणि उघडलेल्या पॅराशूटखाली पाच-सहा मिनिटे मिळतात. दिवसात चार उड्या झाल्या तरी हा सगळा हिशेब अर्ध्या तासाच्या आत संपतो. उरलेला दिवस पॅकिंगच्या चटईवर, वारा दाखवणाऱ्या विंड सॉककडे बघण्यात, पुढच्या लोडची, म्हणजे विमानाच्या पुढच्या फेरीची, वाट पाहण्यात आणि विमानात एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसण्यात जातो. त्यामुळे ‘घर’ म्हणून जे काही वाटते, ते जमिनीवरच तयार होते, याबाबत कोणाचेच दुमत नसावे. मतभेद आहे तो पुढच्या मुद्द्यावर, आणि माझा तो मतभेद एका जुन्या मित्राशी गेली कित्येक वर्षे चालू आहे.

आम्ही दोघे एकाच तुकडीत शिकलो. ते ड्रॉप झोन अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनचे नियम मानणारे होते, म्हणजे ए लायसन्ससाठी पंचवीस उड्या आणि राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या जाणकाराकडून, उघडून पुन्हा बांधून घेणे, हे सगळे कागदावर व्यवस्थित होते. पंचविसावी उडी झाली तेव्हा परंपरेप्रमाणे माझ्या कपाळावर लायसन्सचा शिक्का मारला गेला, पहिल्यांदा काहीही केले की सर्वांना बिअर पाजायची हा नियमही मी न कुरकुरता पाळला, आणि संध्याकाळी शेकोटीभोवती बसलेल्या त्या माणसांना मी घरची माणसे समजू लागले. खेळ सोडून चाललेल्या एकाकडून मी जुना रिग, म्हणजे मुख्य आणि राखीव पॅराशूटचा पाठीवरचा संच, विकत घेतला. त्या रिगमधले राखीव पॅराशूट कसे दिसते हे मी कधी पाहिले नव्हते, आणि पाहावे असे मला सुचलेही नव्हते.

पुढच्या हंगामात आमचे विमान देखभालीसाठी उभे राहिले, म्हणून एका शनिवारी मी मित्राच्या गाडीतून दुसऱ्या एका ड्रॉप झोनवर गेले. आभाळ स्वच्छ होते आणि विंड सॉक जेमतेम हलत होता. मॅनिफेस्टवरच्या बाईंनी माझ्या कार्डावरची तारीख पाहिली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवले आणि शांतपणे सांगितले की आज १९३ दिवस होतात. मी म्हटले की तेरा दिवसांनी काय बिघडते. त्यांनी उत्तर दिले नाही. आतून रिगरला बोलावले. ते वयस्क गृहस्थ आले, माझा रिग खांद्यावरून उतरवून घेतला आणि म्हणाले, “आज तुमची उडी नाही. बघायचे असेल तर आत येऊन बसा.”

मला अपमान झाल्यासारखे वाटले. गाडी मित्राची होती, आणि तो पहिल्याच लोडमध्ये निघून गेला होता, नाहीतर मी त्याच क्षणी परत फिरले असते. आत गेले ती केवळ उन्हात बसायचे नव्हते म्हणून.

रिगरनी रिग पुन्हा माझ्या अंगावर चढवला, सगळे पट्टे आवळले आणि राखीव हँडल ओढायला सांगितले. बांधणीची मुदत संपलीच आहे, तर ते तुम्हीच उघडा, असे त्यांचे म्हणणे होते. शिकताना मी ही कृती दोरीला टांगलेल्या हार्नेसमध्ये शंभरदा केली असेल, पण स्वतःच्या रिगवर एकदाही नाही. मी हँडल ओढले आणि ते आले नाही. वेल्क्रोपासून आधी न सोडवता मी ते थेट बाहेरच्या दिशेने खेचत होते. दुसऱ्या वेळी दोन्ही हात लावले, आधी सोडवले, मग हात सरळ होईपर्यंत ओढले, तेव्हा लाल दोऱ्याचे सील तुटले आणि राखीव पॅराशूटला बाहेर खेचणारे स्प्रिंगचे छोटे पायलट शूट उसळून समोरच्या टेबलावर आपटले. रिगर हसले नाहीत. “हे आज इथे कळले, बरे झाले,” एवढेच म्हणाले.

मग ते पांढरे कापड बाहेर आले. ज्या वस्तूवर माझा जीव अवलंबून होता ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी ते हवेत टांगले, एकेक खण उजेडाकडे धरून पाहिला, एकेक दोरी बोटांतून सरकवत नेली. राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या यंत्राचा कटर ज्या फासावर चालतो तो फास त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. हा बोटभर दोरा कापला जातो तेव्हाच ते यंत्र आपले काम करते. सायप्रेस हे अशा यंत्रांतले सर्वांत परिचित नाव १९९१ पासून बाजारात आहे. बेशुद्ध पडून किंवा भान हरपून कोणी साडेसातशे फुटांपर्यंत मुक्त पतनाच्याच वेगाने खाली आला, तर ते हा दोरा कापते. मध्येच त्यांनी मला खांद्यावरच्या तीन कड्या सोडवून पट्टा दोन्ही दिशांना वाकवून मऊ करायला लावले. बिल बूथ यांनी सत्तरच्या दशकात आणलेली ही साधी रचना मुख्य पॅराशूट एका हँडलने तोडून टाकते. पण पट्टा ताठर झाला की ती अडू शकते, म्हणून हे काम महिन्याला एकदा करायचे असते. मी ते वर्षभरात एकदाही केले नव्हते आणि आमच्या शेकोटीभोवतीच्या एकाही माणसाने ते केलेस का म्हणून विचारले नव्हते.

आता येथे तुम्ही अपेक्षा कराल की कापडात काहीतरी भयंकर दोष निघाला असेल. तसे काही निघाले नाही. दोऱ्या ठीक होत्या, कापड ठीक होते, आधीची बांधणीही चांगली होती. त्या तेरा दिवसांत मला राखीव पॅराशूटची गरज पडली असती तर ते बहुधा व्यवस्थित उघडले असते, असे रिगरनीच मला सांगितले. त्यांनी सही करून कार्ड कप्प्यात सरकवले तेव्हा शेवटचे लोड उतरले होते. मित्राच्या त्या दिवशी सहा उड्या झाल्या, माझी एकही नाही.

परतीच्या वाटेवर त्याने जो मुद्दा काढला तो मला तेव्हा खोडता आला नाही. तो म्हणाला की अमेरिकेत ही मुदत २००८ पर्यंत १२० दिवसांची होती, त्या वर्षाच्या अखेरीस ती १८० झाली. म्हणजे एका सहीने सगळ्यांची जुनी कापडे साठ दिवसांनी तरुण झाली. इतर काही देशांत तर वर्षभराची मुदत चालते. कापडाला तारीख कळत नाही. ज्यांनी तुला हंगामातला सर्वांत चांगला शनिवार गमवायला लावला, त्यांना तुझ्याशी काही देणेघेणे नाही. आपल्या ठिकाणी माणसे एकमेकांवर विश्वास ठेवतात, आणि विश्वास असतो तेथेच घर असते.

कापडाला तारीख कळत नाही हे मला आजही मान्य आहे. पण त्याआधीच्या शनिवार-रविवारी मी आमच्या लाडक्या ड्रॉप झोनवर पाच उड्या मारल्या होत्या, पाचही मुदत संपल्यानंतरच्या. पाचही वेळा विमानात कोणीतरी माझ्या मुठीवर मूठ आपटली, दोघांनी उतरल्यावर मिठी मारली, आणि ज्या कार्डाकडे पाहायला अर्धे मिनिट लागते ते कोणीही पाहिले नाही. मीही नाही, हा दोष पहिल्यांदा माझाच. माझा मुद्दा १८० या आकड्याचा नाहीच, तो १५० किंवा २०० असता तरी चालले असते. ठरलेल्या दिवशी एक अनोळखी माणूस तुमच्या पाठीवरचे ओझे उघडून पाहतो आणि त्यासाठी तुमचा राग सहन करतो, हे महत्त्वाचे आहे. विश्वासाविषयी म्हणाल, तर या खेळात विश्वास दाखवण्याची पद्धत ठरलेली आहे: दार उघडण्यापूर्वी आपण शेजाऱ्याकडे पाठ करतो आणि म्हणतो, पॅराशूट बंद ठेवणाऱ्या माझ्या पिना बघ. न बघता पाठीवर थाप मारणाऱ्याचा विश्वास मला नको आहे.

तर मी पुढच्या शनिवारी त्याच ठिकाणी एकटी गेले. पहिल्याच उडीत वाऱ्याकडे तोंड करायला उशीर झाला म्हणून मी जमिनीच्या फारच जवळ असताना वळले, नशिबाने पायांवर उतरले, आणि मैदानातून चालत येईपर्यंत एक इन्स्ट्रक्टर माझी वाट पाहत उभे होते. पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली माणसे कशी मरतात, हे त्यांनी मला गवतावर बोटाने रेघा काढून समजावले: खालच्या उंचीवरचे वळण, उतरण्याच्या ठरलेल्या मार्गात आडवे शिरणे, आणि चुकीच्या दिशेला का होईना पण सरळ उतरण्याची लाज वाटणे. आवाज चढवला नाही, पण पुढच्या दोन उड्या त्यांनी दुर्बिणीतून पाहिल्या. जुन्या ठिकाणी अशाच उतरण्यावर टाळ्या पडल्या असत्या.

किती काळ लागतो, या तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या बाबतीत मला दिवस मात्र आठवतो. पुढच्या वर्षी कामाच्या रगाड्यात मी सात-आठ आठवडे फिरकले नव्हते. मॅनिफेस्टच्या त्याच बाईंचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सांगितले की तुमच्या शेवटच्या उडीला रविवारी छप्पन्न दिवस होतात; साठ उलटले तर ए लायसन्सवाल्यांना पहिली उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी लागते, तेव्हा जमले तर रविवारी या. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मी तेथे नसताना कोणीतरी माझे दिवस मोजत होते. त्यानंतर मी ‘आमचे ड्रॉप झोन’ असे म्हणू लागले, ते ठरवून नव्हे.

थोडी भर उशिराने घालते. प्रत्येक तुसडी जागा काळजी घेणारी असते असे नाही. काही ठिकाणी केवळ हजार उड्यावाल्यांचा तोरा असतो आणि नवख्यांना ती माणसे मोजतच नाहीत. तुमचे दुसरे ठिकाण त्यांतले असू शकते. फरक ओळखण्यासाठी वाऱ्याच्या दिवशी जा. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा सामान्यतः ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास असते, ती ओलांडली की विद्यार्थ्यांना खरोखर थांबवतात का ते पाहा. आणि पैसे भरून आलेले टँडेमचे, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून उडी मारणारे, पाहुणे ताटकळत असताना वारा आणखी वाढला, तर विमान जमिनीवर राहते का, हेही पाहा. बहुतेक ड्रॉप झोनचा खर्च टँडेमवर निघतो, त्यामुळे त्या तासाभरात जागेचा स्वभाव जितका दिसतो तितका महिनाभराच्या शेकोट्यांत दिसत नाही. थांबवल्यावर तुम्हाला पॅकिंगच्या चटईवर कोणी जागा करून दिली, काही शिकवायला घेतले, तर तेथेच राहा. नुसतेच हुसकावून लावले, तर माझे वरचे सगळे मत बाजूला ठेवा. आणि शेकोटीला माझा विरोध नाही. आमच्याकडेही ती पेटते, फक्त विमान बंद झाल्यावर.

मित्र अजूनही आमच्या जुन्या ठिकाणी उड्या मारतो. यंदा तो पाहुणा म्हणून आमच्याकडे आला, त्या दिवशी योगायोगाने मॅनिफेस्टच्या टेबलावर मदतीला मी बसले होते. मी त्याचे लायसन्स मागितले, लॉगबुक मागितले आणि मग कार्डही मागितले. कार्डावरची सही दोन दिवसांपूर्वीची होती, शाई अजून गडद दिसत होती. मी ते परत दिले आणि त्याचे नाव दुसऱ्या लोडमध्ये लिहिले. “कापडाला तारीख कळत नाही,” तो म्हणाला, आणि रिग उचलून विमानाकडे चालू लागला.