जेनी लेकची पूर्ण फेरी एका दिवसात होते का? कोणत्या बाजूने सुरू करावी?

हो, आरामात होते. अमेरिकेतल्या ग्रँड टिटन नॅशनल पार्कमधल्या या तळ्याभोवतीची ही पायी फेरी साधारण 11.5 किमीची आहे. थांबत गेलात तर चार-पाच तास धरा. चढ फार नाही, पण तळ्याचा काठच सुमारे 2,070 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच. पहिल्या दिवशी दम लागतोच.

दक्षिणेच्या व्हिजिटर सेंटरपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा. मुळं आणि दगडांची पश्चिम बाजू सकाळी उरकते. दुपारी वीज-पाऊस आलाच, तर तोवर तुम्ही रस्त्याजवळच्या पूर्व काठावर असता. वाटेत हिडन फॉल्स हा धबधबा चुकवू नका. इन्स्पिरेशन पॉइंटला मात्र वेगळा, खडा चढ आहे.

उन्हाळ्यात पार्किंग सकाळी लवकर भरतं. पाय दुखले तर पश्चिम काठावरून बोट मिळते, पण ती फक्त हंगामात, तिकीट काढून, आणि दुपारनंतर रांग मोठी. तिच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका. माणशी दोन लिटर हवंच.

अस्वलांसाठी बेअर स्प्रे (अस्वलाला रोखणारा तिखट फवारा) घ्याच. विमानात चेक-इन बॅगेतही चालत नाही, तिथेच विकत घ्या. सॅकच्या तळाशी त्याचा उपयोग शून्य: कमरेला लावा, सेफ्टी क्लिप अंगठ्याने काढायचा सराव करा. अस्वलापासून किमान 91 मीटर लांब राहा. मूस या मोठ्या हरणापासून 23 मीटर, पिल्लू सोबत असेल तर आणखी लांब.

जूनच्या सुरुवातीला सावलीत बर्फ असू शकतो, तेव्हा घट्ट पकडीचे बूट घाला.