दोन माणसं, तीन पेट्या आणि उरलेले 7 किलो

प्रश्न : मी नुकतीच 650 सीसीची अ‍ॅडव्हेंचर टूरर मोटारसायकल घेतली. दोन महिन्यांनी आम्ही नवरा-बायको 3,000 किलोमीटरच्या प्रवासाला निघतोय. अ‍ॅल्युमिनियमच्या तीन पेट्या, क्रॅश गार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा), सेंटर स्टँड, जादाचे दिवे, हीटेड ग्रिप (गरम होणाऱ्या मुठी) अशी यादी तयार आहे. सगळं एकदम परवडणार नाही. क्रम कसा लावू?

उत्तर : क्रम लावण्याआधी एक वजाबाकी करा. गाडीच्या पुस्तिकेत कमाल एकूण वजनाचा आकडा असतो, त्यातून पेट्रोल भरलेल्या गाडीचं वजन काढा. या वर्गातल्या गाड्यांत साधारण 200 किलो उरतात. हेल्मेट, जॅकेट, बुटांसकट तुम्ही 85 आणि पत्नी 70 धरल्या, तर राहिले 45. तीन पेट्या आणि त्यांच्या चौकटी मिळून 24 किलो, तेही रिकाम्या. क्रॅश गार्ड आणि बॅश प्लेटचे 10, सेंटर स्टँडचे 4. हातात राहिले 7 किलो. त्यात दोघांचे कपडे, रेनकोट, हत्यारं, पाणी बसवून दाखवा!

मी हे गणित गाडी घेऊन वर्ष झाल्यावर केलं. घरातल्या वजनकाट्यावर एकेक पेटी ठेवत गेले आणि ओशाळले. हौसेने घेतलेल्या पेट्या विकून कापडी, वॉटरप्रूफ सॅडल बॅगा घेतल्या. जोडी 4 किलोची. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा मात्र हवाच, नाहीतर बॅगेला भोक पडतं आणि ते तुम्हाला आधी वासाने कळतं. मऊ बॅगांचा आणखी एक फायदा फार कोणी सांगत नाही. खडीत पाय टेकत गाडी पुढे ढकलताना कडक पेटी मागून पोटरीवर बसते. घोटा पेटीखाली अडकून मोडल्याची उदाहरणं आहेत.

टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागची वरची पेटी, हवाच असेल तर त्यात हलक्या वस्तू भरा. ही पेटी मागच्या आसाच्याही मागे लटकते, त्यामुळे तिथला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. मी एकदा हत्यारं, कुलपाची साखळी आणि पाण्याच्या बाटल्या तिथेच कोंबल्या. मोकळा रस्ता मिळाला, वेग वाढला आणि हँडल डुलायला लागलं. मला वाटलं टायर गेला. टायर ठणठणीत होता. हत्यारं टाकीवरच्या बॅगेत आणि पाणी सॅडल बॅगांच्या तळाला गेलं, डुलणं थांबलं. झाकणाच्या आतल्या बाजूला वजनमर्यादेचा स्टिकर असतो, तो एकदा वाचाच.

आता दिव्यांचं. ‘रात्री दिसत नाही’ म्हणून जादाचे दिवे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, कधी फिरवलेलाच नसतो. सामान आणि मागे माणूस बसला की गाडीचं बूड खाली जातं, तोंड वर होतं आणि हेडलाइट झाडांचे शेंडे उजळत जातो. प्रीलोड वाढवा, मागच्या टायरमध्ये स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे दोघांसाठीची हवा भरा, मग रात्री एक फेरी मारून या. एक पैसा लागत नाही. तरीही अंधारच वाटला तर 20 वॉटचे दोन दिवे पुरेत. रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून), 5 अँपिअरच्या फ्यूजसकट, आणि इग्निशन बंद होताच वीज तुटेल अशीच जोडणी करून घ्या. माझा चार्जर एका मेकॅनिकने थेट बॅटरीला जोडून दिला होता. दोन दिवस गाडी उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टरचं नुसतं टकटक. तिथून उताराचा रस्ता होता म्हणून निभावलं.

तर माझा क्रम असा : आधी क्रॅश गार्ड, कारण नवी गाडी पहिल्यांदा पडते ती उभ्या-उभ्याच. मग सेंटर स्टँड. एवढ्या प्रवासात चेनला चारपाच वेळा तरी तेल लागेल, आणि पंक्चरही मागच्याच चाकाचं होतं, निदान माझं तरी. मग कापडी बॅगा. रस्ता डांबरीच असेल तर बॅश प्लेट पुढच्या वर्षी. हीटेड ग्रिप थंडीत जाणार असाल तरच.

प्रश्न : हेल्मेटला वारा लागतो म्हणून गाडीला पुढे उंच काच बसवली. आता डोकं आधीपेक्षा जास्त गदगदतं. काच सदोष आहे का?

उत्तर : काच चांगली असेल, पण तिच्या वरच्या कडेवरून सुटणारा खवळलेला वारा आता नेमका तुमच्या कानाशी येतोय. एकदा काच पूर्ण काढून थोडं अंतर चालवून पाहा. छातीवर वारा येईल, पण डोकं शांत राहिलं तर दोष काचेच्या उंचीचा. मग दोनच वाटा : वारा खांद्यावर येईल इतकी काच बुटकी करा, नाहीतर तो डोक्यावरून जाईल इतकी उंच. मी बुटकी वापरते आणि कानात बोळे घालते. काच आणि गाडीच्या तोंडामध्ये दोन बोटांची फट ठेवली तरीही पुष्कळदा फरक पडतो, कारण मागची पोकळी खालून येणाऱ्या हवेने भरते.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 2 इंच, गाडीची सीट 835 मिलिमीटरवर. लोअरिंग लिंक (मागून गाडी खाली आणणारा जोड) बसवू का?

उत्तर : मी तुमच्यापेक्षा एका इंचाने उंच, आणि मी बसवली होती. गाडी मागून खाली आली, पण साइड स्टँडची लांबी तीच राहिली. त्यामुळे ती स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहायची. एका किंचित उतारावर मी हेल्मेट काढत असतानाच ती पलीकडे कलंडली. शिवाय पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) तेवढेच वर सरकवले नव्हते, म्हणून वळणांवर हँडल जड लागायचं. लिंक काढून टाकली. सीटचा फोम पुढच्या बाजूने कापून अरुंद करून घेतला, जाड तळाचे बूट घेतले, आणि थांबताना एका बाजूला सरकून एकच पाय टेकायची सवय केली. आधी एवढं करून पाहा. पुढच्या ब्रेकची लिव्हर मात्र एक जादाची ठेवा. माझी त्या दिवसापासून सीटखाली असते.