‘तहहयात’ म्हणजे कुणाची हयात?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. शहापूर तालुक्यातले एक शेतकरी अंथरुणाला खिळले आहेत. मागे बायको, सज्ञान मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. घरातल्या एका जुन्या कागदावरून त्यांच्या मृत्युपत्राचा मसुदा चालला आहे आणि त्यात वाक्य आहे : ‘सदर मिळकतीचा उपभोग माझी पत्नी तहहयात घेईल.’ विचारणाऱ्याचे म्हणणे असे की यातला ‘तह’ कसला? आणि मरणाचे नाव नको म्हणून ‘इच्छापत्र’ लिहिले तर चालेल का?

या ‘तह’चा करारमदाराच्या तहाशी काही संबंध नाही. फारसीत ‘ता’ म्हणजे ‘पर्यंत’ आणि अरबीतून आलेले ‘हयात’ म्हणजे आयुष्य. ‘ता हयात’ म्हणजे आयुष्य असेपर्यंत. मराठी कागदांत बोलता बोलता त्याचे ‘तहहयात’ झाले. ‘हयात’ आपण विशेषणासारखाही वापरतो (‘आजोबा हयात आहेत’), आणि निवृत्तिवेतनवाले दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात तो याच शब्दाचा.

अर्थ सोपा आहे, पण कागदात तो शब्द जमीन अर्धी करतो. ‘पत्नी तहहयात उपभोग घेईल, तिचे पश्चात मुलाकडे जाईल’ असे लिहिले की बायकोला पीक घेता येते, घरात राहता येते, पण विकता किंवा गहाण टाकता येत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४(२) प्रमाणे मृत्युपत्राने मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. मात्र ती जमीन ‘अन्नवस्त्रापोटी’, म्हणजे तिच्या आधीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेली असेल, तर कलम १४(१) लागून ती पूर्ण मालकीण होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या तुलसम्मा खटल्यात म्हटले. त्यामुळे एकाच परिच्छेदात ‘अन्नवस्त्रापोटी’ही आणि ‘तहहयात’ही लिहिणे म्हणजे मुलगा आणि आई यांच्यात वीस वर्षांचा दावा पेरून ठेवणे. आधी ठरवा काय द्यायचे आहे. सगळे द्यायचे असेल तर ‘मालकी हक्काने देत आहे, तिला विक्री, गहाण, बक्षीस यांचा पूर्ण अधिकार राहील’ असे लिहा आणि ‘तहहयात’ काढून टाका. फक्त वहिवाट द्यायची असेल तर ‘तिच्या हयातीपर्यंत फक्त उपभोगाचा हक्क, हस्तांतराचा अधिकार नाही’ असे उघड लिहा.

दुसरी अडचण अशी की हयात कुणाची ते शब्दातून कळत नाही. ‘मुलगा आईस तहहयात सांभाळील’ यात आईची की मुलाची? मुलगा आधी गेला तर सून काय करील? म्हणून ‘पत्नीच्या हयातीपर्यंत’ असे नाव घेऊन लिहावे. ‘सांभाळील’ हा शब्दही कागदावर फार पोकळ आहे. त्याऐवजी ओटी आणि माजघरापैकी कुठली खोली, विहिरीचे पाणी, वर्षाला किती क्विंटल भात, औषधपाण्याला किती रक्कम हे लिहावे, आणि या सगळ्याचा बोजा मुलाला मिळणाऱ्या जमिनीवर राहील असे जोडावे. तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदवून घेता येतो. ‘चोळीबांगडी’ म्हणून मुलीला दिलेला तुकडाही असाच गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमेसह लिहावा, नाहीतर तो प्रेमाचा शब्द राहतो आणि जमीन कागदावर येत नाही.

आता ‘लिहून देतो’ आणि ‘लिहून ठेवितो’. खरेदीखतात, बक्षीसपत्रात लिहून देणारा आणि लिहून घेणारा असे दोन पक्ष असतात. मृत्युपत्रात घेणारा कुणी नसतो, म्हणून जुना मायना ‘मृत्युपत्र लिहून ठेवितो ऐसा जे’ असा असतो. मायना जपायला हवा. त्यात ‘आजपासून तुमचे मालकीत व कब्जात दिली’ असे वाक्य घुसले तर न्यायालय तो कागद बक्षीसपत्र मानू शकते. स्थावराच्या बक्षीसपत्राला नोंदणी आणि मुद्रांक सक्तीचे, मृत्युपत्राला नोंदणी ऐच्छिक आणि मुद्रांक लागतच नाही. मग साध्या कागदावरचा तो दस्त निरुपयोगी ठरतो. ‘माझे पश्चात’ हे दोन शब्द प्रत्येक कलमात हवेतच.

‘अज्ञान’ हा शब्द अनेकांना अपमानकारक वाटतो, पण महसुली भाषेत तो फक्त अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आहे. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. आई’ दिसते ते ‘अज्ञान पालनकर्ता’ याचे संक्षिप्त रूप. इथे एक चूक नेहमी होते : मृत्युपत्रात चुलत्याला पालक नेमतात. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आई हयात असेपर्यंत अशी नेमणूक चालत नाही. आणि आई पालक असली तरी मुलाच्या वाट्याची जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागते. मुलाच्या शिक्षणासाठी पैसा लागणार हे दिसत असेल तर त्याची सोय आधीच वेगळी करून ठेवावी.

सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तेही पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून नाव लागले असेल तर फक्त त्यांच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र होते, सगळ्या गटाचे नव्हे. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीही सहहिस्सेदार आहे, त्यामुळे तिला न विचारता ‘सर्व जमीन मुलाला’ लिहिले तर तिचा हिस्सा तसाच राहतो. कुळकायद्यात मिळालेली जमीन असेल, आणि ठाणे जिल्ह्यात ती पुष्कळ आहे, तर ती मृत्युपत्राने कुटुंबाबाहेरच्याला सरसकट देता येत नाही. सिडकोच्या पट्ट्यातल्या गावांना आणखी एक जपावे लागते. जमीन संपादित झाली असेल तर केवळ गट नंबर लिहून भागत नाही. मोबदला आणि संपादनाच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा भूखंड कुणाचा, हे नाव घेऊन लिहायला हवे.

शेवटचा मजकूर ‘अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, राजीखुशीने’ हा ठरलेला असला तरी तो काढू नये. अंगठा देणाऱ्याबाबत आणखी एक ओळ लागते : ‘हे मृत्युपत्र मला वाचून दाखविले, ते मला समजले व बरोबर आहे.’ निशाणी त्यांनी दोन साक्षीदारांसमोर करावी, साक्षीदारांनी त्यांच्यासमोर सह्या कराव्यात, आणि ज्याला जमीन मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा घ्यावा. आजारी माणसाला उठवत नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावून नोंदणी करता येते.

राहिले नाव. ‘इच्छापत्र’ चालते, नावाने मृत्युपत्र ठरत नाही, मजकुराने ठरते. तरी कागदावर ‘मृत्युपत्र’च लिहावे असे मला वाटते. इच्छा म्हटले की ती पुरी करणे ऐच्छिक आहे, असे वाचणाऱ्याच्या मनात येते. आणि लिहिताना ‘मृत्युपत्र’ असाच ऱ्हस्व ‘यु’ ठेवा. एकटा ‘मृत्यू’ दीर्घ लिहितात, पण तत्सम शब्द समासात पहिला आला की मूळ ऱ्हस्व परत येतो : मृत्युलेख, मृत्युपत्र, मृत्युदंड. तलाठी कार्यालयात वारसनोंदीला मात्र स्वतंत्र ‘मृत्यू दाखला’ लागतो; तो आणि मृत्युपत्राची प्रत घेऊन तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा.