वादळग्रस्तांसाठी शाळेत मदत गोळा करताय? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

हरिकेनचा, म्हणजे अटलांटिकवरून येणाऱ्या चक्रीवादळांचा, सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर, पण त्याचा खरा जोर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नेमक्या अमेरिकेतल्या शाळा सुरू होतात तेव्हाच. मोठी वादळं बघा, 2005 चं कतरिना 29 ऑगस्टला धडकलं, 2017 चं हार्वी 25 ऑगस्टला, 2024 चं हेलीन 26 सप्टेंबरला. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत मुलांच्या दप्तरातून मदतीचे फ्लायर घरी येतात आणि आमच्याकडे तुमचे प्रश्न. यावेळी त्यातलेच काही घेतलेत.

प्रश्न: ताई, मुलीच्या एलिमेंटरी स्कूलमधून वादळग्रस्तांना मदत करा असा फ्लायर आलाय. घरात मुलांचे लहान झालेले कपडे, खेळणी, दोन ब्लँकेट्स असं बरंच चांगल्या स्थितीत पडून आहे. ते दिलं तर निदान कोणाच्या तरी अंगावर जाईल असं मला वाटतं, मिस्टर म्हणतात सरळ चेक लिही. कोणाचं बरोबर?

मिस्टरांचं. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक घरांत पहिला विचार कपड्यांचाच येतो आणि तो मायेनेच येतो. पण वादळानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे तिथे काय चालू असतं ते बघा, रस्ते बंद, लाइट नाही, ठेवायला जागा नाही, आणि तुमचा बॉक्स पोचला की तो उतरवायला, उघडायला, साइझप्रमाणे लावायला माणसं लागतात, आणि ती माणसं कोण तर जी जेवण-पाणी वाटतायत तीच. 1998 मध्ये मिच हरिकेननंतर होंडुरासला मदतीचं सामान घेऊन आलेल्या विमानाला उतरता येईना, कारण धावपट्टीवर दान आलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते! म्हणूनच रेड क्रॉससारख्या संस्था वापरलेले कपडे घेतच नाहीत.

पैशाचं तसं नाही. ते लवकर पोचतात, तिथे जे कमी आहे त्यावर खर्च होतात, फूड बँक (गरजूंना धान्य वाटणारी संस्था) त्याच डॉलरमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धान्य घेऊ शकते, आणि खरेदी त्याच भागात झाली तर बुडालेली दुकानंही पुन्हा उभी राहायला मदत होते. कपडे नुसते पडून ठेवायला मन होत नसेल तर शाळेतच यार्ड सेल लावा, कपडे इथल्या कोणाच्या तरी अंगावर जातील आणि आलेले पैसे तिकडे जातील.

एकच अपवाद. तिथल्या एखाद्या शाळेने किंवा शेल्टरने स्वतःची यादी दिली असेल, उदाहरणार्थ डायपर, नवे मोजे आणि अंडरवेअर, पूर ओसरल्यावर घर साफ करायला ग्लव्ह्ज, मॉप, कचऱ्याच्या जाड पिशव्या, तर मग जरूर पाठवा, पण यादीतलंच, नवं कोरं, एका बॉक्समध्ये एकच वस्तू, आणि बाहेर मोठ्या अक्षरात काय आहे, किती आहे, साइझ काय ते लिहून.

प्रश्न: मी शाळेच्या पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघटनेत) व्हॉलंटियर आहे. आमच्याकडे वर्गावर्गांत नाणी जमवायची कॉम्पिटिशन ठरलीये, जो वर्ग जास्त जमवेल त्याला पिझ्झा पार्टी. मुलं खूश आहेत पण काहीजण रिकाम्या हाताने येतात आणि बाकीची त्यांना बोलतात. काय करावं?

कॉम्पिटिशन बंद करा. मला माहितीये त्याने पैसे पटकन जमतात, पण सात वर्षांच्या मुलाला "तुझ्यामुळे आपला वर्ग हरला" हे ऐकावं लागणं मला कुठल्याच रकमेसाठी चालणार नाही, आणि शिवाय त्या मुलाच्या घरची परिस्थिती आपल्याला माहीत नसते. वर्गांचे तक्ते काढून टाका आणि अख्ख्या शाळेचा एकच आकडा दाराशी लावा. पैसे देऊन टोपी घालून यायचा दिवस ठेवलात तर टोपी सगळ्यांनी घालायची, पैशांचा डबा बाजूला ठेवायचा, कोणी टाकलं कोणी नाही हे कोणी बघायचं नाही. त्याहून चांगलं म्हणजे मुलांना कमवू द्या, मोठ्या मुलांनी कार वॉश करायचा, छोट्यांनी बेक सेलसाठी पोस्टर रंगवायची, वाचलेल्या पुस्तकांमागे पैसे देणारे स्पॉन्सर मिळवायचे, यात खिशातून काही न देणारं मूलही तितकंच कामाचं ठरतं.

आणि हिशोब. यात आपण मोठी माणसं फार ढिलाई करतो. पैसे कुठे जाणार हे डबा ठेवायच्या आधी लिहून लावा, "वादळग्रस्तांसाठी" एवढंच लिहू नका, संस्थेचं किंवा शाळेचं पूर्ण नाव लिहा. रोख पैसे दोघांनी मिळून मोजायचे, दोघांनी सही करायची, त्याच दिवशी बँकेत. शेवटी किती जमले, कोणत्या तारखेला, कोणाला पाठवले हे घरोघरी कळवा, मुलांनाही सांगा, त्यांनी मेहनत केलीये तर त्यांना कळायला नको का?

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोनेशनच्या लिंक्स येतायत, खऱ्या कशा ओळखायच्या? आणि दिलेले पैसे टॅक्समध्ये वजावट म्हणून धरता येतात का?

लिंकवर क्लिक करूच नका, संस्थेचं नाव स्वतः टाइप करून तिच्या साइटवर जा. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर टॅक्स-एक्झेम्प्ट (करमुक्त) संस्था शोधायची सोय आहे, तिथे नाव नसेल तर थांबा. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी उगवलेली, नावाजलेल्या संस्थेसारखंच नाव असलेली संस्था असेल तर दहादा विचार करा. गिफ्ट कार्डाने किंवा वायर ट्रान्सफरने पैसे मागितले तर ती फसवणूकच समजा.

टॅक्सचं थोडक्यात: डोनेशन कितीही छोटं असो, बँकेचा रेकॉर्ड किंवा पावती ठेवा, 250 डॉलर किंवा जास्त असेल तर संस्थेचं लेखी पत्र लागतं. एखाद्या कुटुंबाला गोफंडमीवर (लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर) थेट दिलेले पैसे साधारणपणे धरता येत नाहीत, पण म्हणून देऊ नका असं मी म्हणणार नाही, कुटुंब ओळखीचं असेल तर जरूर द्या. बेक सेलमध्ये केक घेतलात तर केकच्या किमतीच्या वर दिलेली रक्कमच डोनेशन धरतात.

प्रश्न: वादळात घर गेलेलं एक कुटुंब आमच्या गावात नातेवाइकांकडे आलंय, त्यांची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात येणार आहे असं कळलं. पण त्यांच्याकडे दाखला, लसीकरणाचे कागद काहीच नाही. शाळा घेईल का? आणि आम्ही काय करू?

घेईल, घ्यावंच लागेल. मॅकिनी-व्हेंटो नावाचा 1987 चा फेडरल कायदा आहे, घर गमावून दुसऱ्याच्या घरी राहायची वेळ आलेल्या मुलांनाही तो लागू होतो. कागद नसले तरी ताबडतोब प्रवेश, शाळेत फुकट जेवण, हे त्यांचे हक्क आहेत, कोणाची मेहेरबानी नाही. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) यासाठी एक लिएझन, म्हणजे अशा मुलांची सोय बघणारा माणूस, नेमलेला असतो, ऑफिसात त्याचंच नाव विचारायचं. त्या कुटुंबाला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा तुम्ही त्यांना एवढं सांगितलंत तरी खूप मोठी मदत होईल.

वर्गात मात्र जपून. तिच्या नावाने वर्गणी काढू नका, तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका, "वादळात काय झालं सांग ना" असं मुलांना विचारू देऊ नका. दप्तर, वह्या, पाण्याची बाटली हे सगळं टीचरकडे आधी द्या, म्हणजे पहिल्या दिवशी तिच्या डेस्कवर बाकीच्यांसारखंच सामान असेल. आणि तुमच्या मुलाला सांगा, लंचला तिला टेबलावर जागा दे. बाकी तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ती बोलेल.

प्रश्न: मुलगा हायस्कूलच्या सर्व्हिस क्लबमध्ये आहे. वादळाला तीन महिने होऊन गेले, आता कोणी देत नाही म्हणून क्लब मोहीम बंद करणार आहे. चालू ठेवण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि माझ्या मते आत्ताच आहे. हेलीननंतर नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये शाळा जवळजवळ महिनाभर बंद होत्या, नळाला पिण्यासारखं पाणी 18 नोव्हेंबर 2024 ला परत आलं, तोपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या कधीच दुसरीकडे गेल्या होत्या. हार्वीनंतर ह्यूस्टनच्या सरकारी शाळा 28 ऑगस्टऐवजी 11 सप्टेंबर 2017 ला उघडल्या, आणि शाळा उघडली म्हणजे सगळं संपलं असं नव्हतं, डिस्ट्रिक्टने ते पूर्ण वर्ष मुलांना जेवण फुकट दिलं.

पहिल्या महिन्यात पाणी, जेवण, छप्पर यावर लोक भरभरून देतात. लायब्ररीची भिजलेली पुस्तकं, बँडची वाद्यं, सायन्स लॅबचं सामान, फील्ड ट्रिपची फी, आणि ज्यांचं स्वतःचं घर गेलंय तरी रोज शिकवायला येतात त्या टीचर्सच्या गरजा, हे सगळं नंतर समोर येतं आणि तेव्हा विचारणारं कोणी नसतं. डोनर्सचूझ नावाची साइट आहे, तिथे सरकारी शाळांचे टीचर स्वतः लिहितात त्यांच्या वर्गाला काय हवंय, संस्था वस्तू विकत घेऊन थेट शाळेत पाठवते. क्लबला ते सोपं पडेल. नाहीतर त्या भागातली एकच शाळा निवडा आणि तिच्या प्रिन्सिपलला मुलांनी स्वतः ईमेल करावा, छोटासा, आम्ही कोण, साधारण किती जमवू शकतो, आणि तुम्हाला या सेमिस्टरमध्ये कशाची नड आहे. उत्तर यायला वेळ लागला तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा त्यांच्या पीटीएला लिहा, तिथली माणसं अजूनही खूप गडबडीत असणार. उत्तर आल्यावरच रक्कम ठरवा आणि तीच मागणी फ्लायरवर छापा, "बँडसाठी वाद्यं" असं वाचलं की लोक तीन महिन्यांनंतरही देतात.