म्युनिकमध्ये राहतो, १,२०० युरोत स्की टूरिंगचा (स्कीवरूनच डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं) सेट घ्यायचा आहे. स्की ८० मिमी रुंदीची घ्यावी की ९५ची? आणि किती हलकी?

स्कीचं नंतर बघा. आधी बूट.

हे ठासून सांगते, कारण माझी पहिली टूर बुटांनीच बुडवली. फेब्रुवारी होता, श्पित्सिंगझे तळ्यापासून रोटवांड शिखर. उंची १,८८४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम अडीचशे मीटर जास्त. आईला फोनवर तेवढंच सांगितलं होतं, बर्फाचा विषय काढलाच नाही.

सामान निवडलं होतं आमच्या भावोजींनी. त्यांचा एकच मंत्र, हलकं तेच चांगलं. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा नेऊन त्यांनी बाइंडिंगसुद्धा (बूट स्कीला अडकवणारी पकड) ग्रॅमात तोलली होती. बुटाचा नंबर मात्र मी माझ्या अकलेने घेतला. सह्याद्रीत उतरताना अंगठे आपटू नयेत म्हणून आपण बूट एक नंबर मोठा घेतो ना, तस्साच. पाऊल २४ सेंमी, बूट २५.५. सेलमधली शेवटची जोडी होती, त्यामुळे दुकानदारानेही आनंदाने मान डोलावली.

टूरिंगमध्ये चढताना टाच बाइंडिंगमधून सुटी असते, पण बुटाच्या आत ती केसभरही हलता कामा नये. माझी प्रत्येक पावलाला वर-खाली होत होती. तासाभराने चुरचुरायला लागलं. भावोजी म्हणाले, "होतं पहिल्यांदा." रोटवांडहाउस या डोंगरावरच्या विश्रामघराच्या बाकावर मोजा काढला, तर टाचेचं कातडं भरताच्या वांग्याच्या सालीसारखं अलगद सुटून आलं.

आणि उतरायचं बाकीच होतं. दुपारी वर कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत, असला घाणेरडा बर्फ. त्यावर ती पिसासारखी स्की पत्र्यासारखी थडथडत होती. सैल बुटात मी पाय वळवायचे, स्की मात्र आपल्या मर्जीने जायची. शेवटचा टप्पा नवऱ्याने माझी स्की पाठीवर घेतली आणि मी बर्फात रुतत पायी उतरले. भावोजी खाली गाडीत बसून कॉफी पीत होते.

म्हणून दुकानात लायनर (आतला मऊ बूट) बाहेर काढा, नुसत्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन बोटं जागा उरली तर नंबर बरोबर. लायनर पायावर गरम करून बसवून घ्या आणि दुकानातच अर्धा तास फिरा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. शिवाय बाइंडिंगची भोकं बुटाच्या सोलच्या लांबीप्रमाणे पाडतात, त्यामुळे आधी स्की घेऊन मग बूट शोधणं म्हणजे चौकट बसवल्यावर दार मोजणं.

स्की? बव्हेरिया-टिरोलसाठी ८५च्या आसपासची घ्या, ८० की ९५ यावर डोकेफोड नको. वापरलेली चालेल. स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) तिच्या आकाराला कापताना दोन्ही बाजूंच्या लोखंडी कडा उघड्या राहतील एवढं बघा, नाहीतर आडव्या कडक उतारावर पकडच मिळत नाही.

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं यात मात्र काटकसर नको. कुणाच्या माळ्यावरचा जुना एका अँटेनाचा ट्रान्सीव्हर फुकट मिळाला तरी घेऊ नका, तीन अँटेनांचाच घ्या. प्रोब किमान २४० सेंमी, फावड्याचं पातं अॅल्युमिनियमचं. भावोजींचं फावडं प्लास्टिकचं होतं, वजन वाचतं म्हणून! हिमस्खलन थांबलं की तो बर्फ दगडासारखा घट्ट बसतो. तिथे ते पातं मोडणार, आणि बर्फाखाली मी असणार. या मुद्द्यावर गणपतीत पंगतीलाच आमचं वाजलं होतं.

आता खरं सांगायचं तर भावोजी एका दमात १,५०० मीटर चढतात आणि कुठल्याही बर्फावरून सुंदर उतरतात. त्यांच्यासाठी हलकं सामान ठीकच आहे. तुमचं उतरणं कसं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पिस्टवर (स्कीसाठी तयार केलेल्या सपाट उतारावर) अजून धडपडत असाल तर हा हिवाळा सगळं भाड्याने घ्या आणि उरलेल्या पैशांत हिमस्खलनाचा कोर्स करा, कारण ट्रान्सीव्हर नुसता गळ्यात अडकवून कुणी सापडत नाही.

आणि भावोजी, वाचत असाल तर माझा वजनकाटा अजून तुमच्याकडेच आहे. होळीच्या आत आणून द्या, पुरणाला लागतो.